पुढ्यातलं

नान आधी येतो, कढाई मागून. नान म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलात मिळतो तसला तळहाताएवढा तुकडा नव्हे. चांगला हातभर लांब, मधे बोटांनी दाबून काढलेल्या रेघा, वर तीळ, आणि कडेला तंदूरच्या भिंतीला चिकटून करपलेला एखादा काळा ठिपका. तो ताटलीत येत नाही, कारण तो मावेल अशी ताटली त्या हॉटेलात नाही. टेबलावर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरलेला असतो, त्यावर वेटर तो सरळ आडवा ठेवतो. मग सात जणांचे सात हात पुढे येतात आणि ज्याच्या हाताला जी कड लागेल ती तो मोडतो. नानाची वाफ निवायच्या आत अर्धा नान संपलेला असतो.

दुबईच्या अल् कूझ भागातल्या एका गल्लीत, टायरचं दुकान आणि लाकडाचं गोदाम यांच्या मधे हे पाकिस्तानी हॉटेल आहे. सातवा नावाच्या भागातलं 1978 सालचं ‘रावी’ हे हॉटेल सगळ्या दुबईला ठाऊक आहे, 2022 मध्ये तर आदिदासने त्याच्या नावाचे बूट काढले. आमचं हॉटेल त्या जातीचं नाही. इथे ट्रकचे ड्रायव्हर, रंगारी, वेल्डर आणि आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं जेवतात. खाली मोठा हॉल, तिथे फक्त पुरुष. अरुंद जिन्याने वर गेलं की ‘फॅमिली हॉल’. आमच्या गटात आम्ही दोघी बायका, मी आणि रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी. त्यामुळे आमची सगळी पलटणच फॅमिली ठरायची आणि वरच्या कोपऱ्यातल्या पडद्याआड बसायची.

मी मूळची मिरजेची. 2011 मध्ये इथल्या एका इंटिरियरच्या कंपनीत अकाउंट्सला लागले, ती अजून तिथेच आहे. आमचा गट कोणी ठरवून जमवला नव्हता. पगारपत्रकाच्या, बिलांच्या आणि साइटवर सामान पोचवण्याच्या निमित्ताने एकमेकांशी रोज बोलावं लागणारी सात माणसं होती, एवढंच. पूर्वी आम्ही गुरुवारी दुपारी जायचो. 2022 पासून इथे शनिवार-रविवारची सुट्टी आली, शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला, जुम्म्याची नमाज सव्वाला ठरली. तेव्हापासून आमचा वार शुक्रवार. नमाजवाले मशिदीतून परस्पर यायचे, आम्ही बाकीचे आधी जाऊन पडद्याआडची जागा धरायचो.

ऑर्डर द्यायचं काम खानसाबांचं. हे पाकिस्तानातल्या मर्दान शहराचे, गाडी चालवायला म्हणून 1994 मध्ये दुबईला आलेले आणि पुढे कंपनीच्या सगळ्या गाड्यांचे मुकादम झालेले. इथे पठाण माणसाला सगळे सरसकट खानसाब म्हणतात. आमच्यासाठी मात्र खानसाब एकच. ते मेनूकार्ड कधी उघडायचे नाहीत. वेटर पडद्यातून डोकं आत घालायचा आणि ते सांगायचे, “दो किलो कढ़ाई, नमक-मिर्च में. एक दाल माश. नान आते रहें.” आणि वेटर वळला की त्याला परत थांबवून, “सब छोटे का.” छोट्याचं म्हणजे बकऱ्या-मेंढ्याचं.

कढाई किलोवर मागवायची असते हे मला तिथेच कळलं. आपण ज्याला कढई म्हणतो तीच ही. त्यांच्याकडे भांड्याचं आणि पदार्थाचं नाव एकच. पेशावरी कढाईत कांदा नाही, गरम मसाला नाही. मटण, त्याचीच चरबी, टोमॅटो, हिरवी मिरची, मीठ. पेशावरला नमक मंडी म्हणून बाजार आहे, तिथे दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, मटणाची अशी कढाई करतात, आणि खानसाब नमक मंडीचं नाव घ्यायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. मोठ्या आचेवर टोमॅटो विरघळेपर्यंत परतत राहायचं, चरबी कडेने सुटली की उतरवायचं. ती कढई तशीच्या तशी, कडा काळ्या पडलेली, लाकडी फळीवर ठेवून टेबलाच्या मधोमध येते. वर आल्याचे काडीसारखे काप आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. टेबलावर आल्यावरही मिनिटभर ती आतून बुडबुडत असते.

ताटल्या मागितल्या तर मिळतात. आम्हाला त्या पहिल्याच दिवशी मिळाल्या होत्या, आणि त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

मला लागून दोनच महिने झाले होते. जेवताना खानसाबांनी रायतं मागितलं. वाटी माझ्याजवळ होती. माझा उजवा हात खरकटा, म्हणून मी डाव्या हाताने वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. आमच्या घरी हीच रीत. जेवता जेवता काही वाढून घ्यायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं तर डाव्या हाताने, कारण तो चोख असतो. उष्ट्या हाताने भांड्याला हात लावला की आजी ते भांडं तिथूनच मोरीत टाकायची. टेबलावर क्षणभर सगळं थांबलं. खानसाबांनी हातातला घास खाली ठेवला, रुमालाला बोटं पुसली, उजव्या हाताने वाटी घेतली आणि म्हणाले, “शुक्रिया, बेटी.” बाकी कोणी काही बोललं नाही.

जिना उतरताना कराचीवाल्याने मला बाजूला घेतलं. हा आमचा एस्टिमेटर, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मला तो बाजी म्हणजे ताई म्हणतो. तो हळूच म्हणाला, “बुरा न मानें, बाजी. हमारे यहाँ खाने की चीज़ उलटे हाथ से नहीं देते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी भर पंगतीत ज्या हाताने वाटी दिली, तो त्यांच्या लेखी अपमानाचा हात होता. आणि ज्या हाताने द्यायला हवी होती, तो माझ्या लेखी उष्टा.

पुढच्या आठवड्यात मीच विषय काढला. मला वाटलं होतं उष्टं म्हणजे काय हे समजावून सांगताना पंचाईत होईल. पण ‘जूठा’ म्हटल्याबरोबर खानसाब मान हलवू लागले. शब्द त्यांनाही माहीत होता, फक्त त्याला चिकटलेलं सगळं उलट्या बाजूचं होतं. “हमारे यहाँ कहते हैं,” ते म्हणाले, “जूठे में शिफ़ा है.” उष्ट्यात आरोग्य! माझ्या आजीने ज्या गोष्टीसाठी जन्मभर भांडी घासली, तिच्यात यांच्याकडे औषध शोधतात. त्या दिवशी ताटल्या कोणी मागवल्या नाहीत. माझी नजर कढईवर खिळलेली पाहून खानसाबांनी कढईच्या कडेवर बोट फिरवलं आणि माझ्यासमोर थांबवलं. “बस अपने आगे से खाना है. सामने वाले का सामने वाले का.”

आपल्या पुढ्यातलं खा, ही त्यांच्या पैगंबरांची शिकवण. एका भांड्यात सगळ्यांचे हात, पण जो तो आपल्या बाजूने खातो. मधे रेघ आखलेली नसते, तरी सात जणांना आपापली पाचर बरोबर दिसते. पहिल्यांदा मी तुकडा बुडवला तेव्हा बोटं ताठ झाली होती. नानाचा तुकडा दोन बोटांत धरायचा, अंगठ्याने मटणाच्या बोटीवर दाबायचा, मांस हाडावरून सुटलं की तुकडा मिटून उचलायचा. बोटाला रस्सा लागत नाही, म्हणजे लागू द्यायचा नसतो. नीट करणाऱ्याचा हात भांड्याला शिवतसुद्धा नाही, मधे कायम भाकरीएवढं अंतर असतं. हे मला दिसायला चार-पाच जेवणं जावी लागली. मी ज्याला एकमेकांच्या उष्ट्यात हात घालणं समजत होते, त्यात आमच्या पंगतीइतकीच शिस्त होती.

आणि मग दिसला तो आग्रह. खानसाबांच्या बाजूला नळीचं हाड आलं, की ते नानाच्या टोकाने ते ढकलायचे. बोलायचं काही नाही, कोणाकडे बघायचंही नाही. रश्शातून ती नळी सरकत सरकत दुसऱ्याच्या पाचरीत जाऊन थांबायची. बहुतेक वेळा फिलिपिनो मुलीच्या, कारण ती चमच्याने जेवायची आणि तिला मगज काढता यायचं. कधी माझ्या. आपल्याकडे वाढपी लाडवाचं ताट घेऊन येतो, पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून एक लाडू टाकून जातो, तोच हा प्रकार. फक्त इथे वाढपी नाही, जेवणाराच वाढतो. ताट आपलं आपलं असलं की बाजूच्याच्या पानात काय उरलंय हे दिसत नाही. कढईत सगळं दिसतं. कोण हात आखडून खातोय, कोण आज उदास आहे, कोणाने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

आता मिरजेचं सांगायलाच हवं. आमचं गाव सतारींचं. मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच्या गल्लीत भोपळे वाळत घातलेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये ते गेल्यावर त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन केलं, आणि उरुसात त्यांच्या नावाने अजून गाणं होतं. बाबा मला खांद्यावर बसवून तिथे न्यायचे. ईदेला शेजारून शीरखुर्मा यायचा, भांडं परत करताना आई त्यात साखर घालून द्यायची, कारण रिकामं भांडं परत करायचं नसतं. मी दुबईत अभिमानाने हे सगळं सांगायचे.

एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नव्हती. आजीकडे तानपुरा होता. त्याच्या तारा बदलायला, जवारी लावायला एक म्हातारे कारागीर यायचे. आजी त्यांना आदराने बसवायची, त्यांच्या कानाला मान द्यायची, चहा द्यायची. तो चहा फडताळाच्या खालच्या कप्प्यातल्या एका कपातून जायचा. पांढरा, निळ्या कडेचा, कान थोडा उडालेला. घरातलं दुसरं कोणी त्या कपातून चहा प्यायचं नाही. चहा पिऊन झाला की ते स्वतः अंगणातल्या नळावर जायचे, कप विसळायचे आणि पायरीवर उपडा घालायचे. कोणी त्यांना सांगत नसे. मी सहा-सात वर्षांची असेन, मला वाटायचं हा त्यांचा खास कप आहे, पाहुण्यांचा. आजी दुष्ट नव्हती. तिने त्यांच्या मुलीच्या लग्नाला स्वतःची पैठणी दिली होती. पण तो कप कधी वरच्या कप्प्यात आला नाही. अल् कूझच्या त्या टेबलावर कढईत हात घालताना, अगदी दहाव्या-बाराव्या वेळेलाही, मला तो उपडा कप दिसायचा. उष्टं म्हणजे फक्त स्वच्छता असं मी जे स्वतःला सांगत आले होते, ते खरं नव्हतं.

दाल माश नागपूरच्या पोराची. हा आमचा सगळ्यांत धाकटा, शाकाहारी, त्यात श्रावण कडक पाळणारा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं माशाची डाळ आहे आणि तो उठायलाच लागला. माश म्हणजे उडीद. संस्कृतातला ‘माष’ तो हाच, आपल्या तोळा-मासातला मासाही त्याच दाण्यावरून आला. आपण मराठीत उडीद म्हणू लागलो, जुना शब्द त्यांच्याकडे राहिला. सालं काढलेली डाळ, दाणा न दाणा सुटा, वर तूप-जिऱ्याची फोडणी आणि आल्याचे काप. ती वेगळ्या छोट्या कढईत यायची आणि तिच्यासाठी नानही वेगळा यायचा. त्या नानाला मटण खाणाऱ्या कोणाचा हात लागणार नाही याची काळजी त्या पोरापेक्षा केरळच्या ड्राफ्ट्समनला जास्त. तो दर वेळी तो नान उचलून पोराच्या डाव्या अंगाला सरकवून ठेवायचा.

कराचीवाल्याला कढाईचं एवढं कौतुक नव्हतं. त्याचा जीव निहारीवर. निहारी दिल्लीची, रात्रभर मंद आचेवर ठेवायची आणि सकाळी खायची. नावच ‘नहार’वरून, म्हणजे सकाळवरून. फाळणीनंतर दिल्लीवाले कराचीला गेले, त्यांच्यासोबत तीही गेली. हा मात्र दिल्लीवाला नव्हता. हे कळायला मला तीन वर्षं लागली. एकदा मी घरून फणसाची सांदणं करून डब्यातून नेली होती. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, “ये तो सांदण है.” मी बघतच राहिले. त्याचे आजोबा दाभोळकडचे, बोटीवर कामाला होते. आजी कराचीत कोकणी बोलायची, सांदणं करायची आणि माशाला म्हावरं म्हणायची. नातवाला त्या भाषेतले आठ-दहाच शब्द उरले होते आणि त्यातले बहुतेक खाण्याचे.

कराची आणि मुंबई 1936 पर्यंत एकाच इलाख्यात होत्या, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण त्याचा अर्थ असा डबा उघडल्यावर कळतो. तिथे 1855 मध्ये निघालेली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा अजून आहे, सगळं शहर तिला एनजेव्ही म्हणतं. कराचीवाल्याचे वडील तिथेच शिकले. “वैद्य” हा शब्द तो अगदी आपल्यासारखा, ‘द्य’ नीट फोडून म्हणतो. त्याला वाटायचं, हे नाव सिंधी आहे.

बिलावरून भांडण व्हायचंच. वेटर पडद्यातून आत आला की चार हात त्याच्या दिशेने. एकदा मी बिल आधीच खाली जाऊन भरून टाकलं तर खानसाब खरोखर रागावले. म्हणाले, “बेटी, मेज़बानी मेरी थी.” मी अडखळले. माझ्या मराठीत मेजवानी म्हणजे जेवण. पंचपक्वान्नं, पंगती, जिलबी. त्यांच्या भाषेत मेज़बान म्हणजे यजमान, म्हणजे मेज़बानी हा त्या माणसाचा मान झाला, आणि मी तो काढून घेतला होता. आपण तो शब्द कधीतरी फारसीतून उचलला आणि त्यातलं जेवण ठेवून घेतलं. त्या दिवसानंतर आम्ही पाळ्या लावल्या. कोणाची पाळी आहे हे नागपूरचा पोरगा लक्षात ठेवायचा.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 जणांना मारलं. त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्रातले. त्या आठवड्यात मी जेवायला गेले नाही. कोणी बोलावलंही नाही. मे महिन्यात सात ते दहा तारखेपर्यंत जे चार दिवस गेले, त्या दिवसांत कचेरीतला प्रत्येक माणूस मोबाइल उपडा ठेवून बसला होता. माझा मावसभाऊ तेव्हा जम्मूकडे होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. खानसाब पार्किंगमध्ये उभे राहून मर्दानला फोन लावत होते, तोही लागत नसावा, कारण ते नुसतेच उभे होते. आम्ही एकमेकांना खिडकीतून पाहिलं. मी नजर काढून घेतली.

माझा राग खरा होता. तो मी आजही खोटा म्हणणार नाही. मुलांसमोर बापाला मारलेल्या घरांची छायाचित्रं मी पाहिली होती आणि त्यानंतर नानाचा तुकडा मोडायची कल्पना करवत नव्हती. मिरजेहून दादाचा फोन आला. तो म्हणाला, “आता तरी त्यांच्यात जेवणं बंद कर.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण मर्दानच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने, ज्याने तीन वेळा मला तापात घरी सोडलं होतं, काय केलं होतं याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि ते नाही, हेही मला सलत होतं.

शुक्रवार, 9 मेला कढाई झाली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी नागपूरचा पोरगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “ताई, आज पाळी खानसाबांची होती. महिन्यापासून राहिली आहे.” एवढंच. मी पर्स उचलली.

वर पडद्याआड सगळे होते. खानसाबांनी ऑर्डर दिली, तीच. वेटर वळल्यावर त्याला थांबवलं, “सब छोटे का.” कढाई आली, बुडबुडत. कोणी हात घालेना. नेहमी ते बिस्मिल्ला म्हणून सुरुवात करायचे. त्या दिवशी त्यांनी दोन्ही तळहात उघडे धरले आणि ओठ बराच वेळ हलत राहिले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “भाई ठीक है?” मावसभावाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, कोणीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, “ठीक है. आप के घर?” ते म्हणाले, “अल्लाह का शुक्र.” त्या जेवणात यापलीकडे कोणी त्या विषयावर बोललं नाही. पहलगामबद्दलही नाही. ते बोलायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. नान मात्र नेहमीपेक्षा एक कमी लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात खानसाब कायमचे परत गेले. 31 वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता. त्यांच्या हिशेबाचे कागद मीच केले. ग्रॅच्युइटीचा आकडा मी तीन वेळा तपासला, एक दिवसही कमी धरला जाऊ नये म्हणून.

निरोपाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी कराचीवाला माझ्याकडे आला. म्हणाला, “बाजी, एक बात नोट की आप ने? खानसाब ने इस मेज़ पर कभी चपली कबाब नहीं मँगवाया.” मी म्हटलं, त्यांना आवडत नसेल. तो हसला नाही. मर्दानजवळ तख्तबाई म्हणून गाव आहे. तिथल्या डोंगरावर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, 1980 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. खानसाब पोरवयात त्या दगडांत बकऱ्या चारत. आणि खाली बाजारात चपली कबाब, त्यांच्या मते जगात एक नंबर. ते एरवी खालच्या हॉलमध्ये एकटे बसून खायचे. पण त्यांच्या लेखी चपली खरा तो मोठ्याचाच, म्हणजे बड्याचा, गाई-म्हशीच्या मांसाचा. मटणाचा केला तर त्याला ते चपली म्हणत नाहीत. म्हणून जवळजवळ चौदा वर्षं तो आमच्या टेबलावर आला नाही. “सब छोटे का” मी दर आठवड्याला ऐकत होते. ते माझ्यासाठी आणि त्या केरळच्या माणसासाठी आहे असं मी धरून चालले होते, आणि हेही की सांगणाऱ्याला त्याची काही किंमत पडत नाही. केरळचा माणूस ख्रिस्ती, त्याला बड्याचं चालत होतं. म्हणजे ते एकट्या माझ्यासाठी होतं.

त्या शुक्रवारी पाळी माझी होती, मी ती मागून घेतली होती. मेज़बानी माझी, म्हणून ऑर्डरही मी दिली. दोन किलो कढाई, नमक-मिर्च में, छोटे का. एक दाल माश. आणि चपली कबाब दोन, बड़े का. खानसाबांनी झटकन मान वर केली. वेटरला म्हणाले, “वो नीचे लगा देना, मैं बाद में…” मी म्हटलं, “नहीं. यहीं.”

मी गोमांस खात नाही, त्या दिवशीही खाल्लं नाही, आणि खावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. वेटरने ताटली आणली आणि टेबलाच्या पार टोकाला, माझ्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब ठेवली. खानसाबांनीच त्याला डोळ्याने खुणावलं असणार. ताटलीएवढेच मोठे, पातळ, कडा चिरलेले दोन कबाब. एकात टोमॅटोची चकती जशीच्या तशी रुतून भाजलेली. अनारदाण्याचे काळपट दाणे वर दिसत होते, चरबी अजून चुरचुरत होती. माझा उजवा हात तेव्हा नानाने तेलकट झालेला होता. मी तोच पुढे केला, ताटली धरली आणि टेबलावरून सरकवत आणली, कढईला वळसा घालून, केरळवाल्याच्या पुढून, कराचीवाल्याच्या पुढून, खानसाबांच्या पुढ्यात.

ते काही वेळ नुसते बघत राहिले. मग नानाची कड मोडली, आपल्या बाजूने कबाबाचा तुकडा तोडला, त्यात टोमॅटोचा अर्धा भाग आला. डोळे मिटून चावला.

“तख़्तबाई वाली बात नहीं,” ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा मोडला.